घटक ५ : परिचर्या-शिक्षणाची वाट – माहितीपत्रकाचे वाचन आणि नियोजन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• परिचर्या-क्षेत्रातील मराठी संज्ञा व पदनामे यांचे अर्थ स्पष्ट करता येतील.
• परिचर्या-शिक्षणाच्या पायऱ्या, त्यांची प्रवेशपात्रता व कालावधी सांगता येईल.
• प्रवेशाच्या माहितीपत्रकातील परवानगी, मान्यता, संलग्नता व नोंदणी या शब्दांतील भेद ओळखता येईल.
• स्वतःचे वय, पूर्वशिक्षण व कौटुंबिक परिस्थिती ध्यानात घेऊन शिक्षणाचा आराखडा लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात व माहितीपत्रक हे लेखनप्रकार पाहतो. यांपैकी माहितीपत्रक आपण सर्वांत घाईने वाचतो आणि त्याचे परिणाम मात्र सर्वांत अधिक काळ भोगतो. कथेतील एखादा शब्द निसटला तर रसास्वादात थोडी उणीव राहते. प्रवेशाच्या माहितीपत्रकातील एक शब्द निसटला, तर आयुष्याची २-३ वर्षे आणि घरची जमापुंजी वाया जाऊ शकते. म्हणून या घटकात आपण एकच क्षेत्र निवडले आहे, ते म्हणजे परिचर्येचे अर्थात नर्सिंगचे शिक्षण.

ही निवड करण्यास कारण आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील आपल्या अभ्यासकेंद्रांवर आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, रुग्णालयांत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया आणि बारावीनंतर शिक्षण सुटलेले तरुण-तरुणी मोठ्या संख्येने दिसतात. सावली तालुक्याचे उदाहरण घ्या. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा धानाच्या शेतीचा, जंगलाला लागून असलेला तालुका. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली येते. १९८२ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला त्यानंतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. रुग्णालये वाढतात तशी प्रशिक्षित परिचारिकांची गरज वाढते, आणि त्याबरोबर 'नर्सिंग' या शब्दाच्या पाट्याही वाढतात. त्या सर्व पाट्यांचा अर्थ एक नसतो. तो कसा ओळखावा, हाच या घटकाचा विषय आहे.

५.२ संज्ञाविचार

'परिचर्या' हा शब्द 'परि' हा उपसर्ग आणि 'चर्' म्हणजे चालणे, वावरणे हा धातू यांपासून बनला आहे. रुग्णाच्या भोवती वावरणे, त्याची निगा राखणे हा त्याचा अर्थ. 'शुश्रूषा' हा दुसरा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. तो 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ऐकण्याच्या इच्छेवरून आज्ञाधारकता आणि आज्ञाधारकतेवरून सेवा, असा त्याचा अर्थविस्तार झाला. आज आपण त्याचा अर्थ केवळ सेवा असा घेतो. मात्र रुग्णाचे ऐकून घेणे हा परिचर्येचा पाया आहे, हे मूळ अर्थ आपल्याला आठवून देतो. (या शब्दाचे 'सुश्रुषा' असे लेखन आढळते, ते अशुद्ध होय.)

हे दोन्ही शब्द शासनव्यवहारात प्रचलित आहेत. परिचारिकांची नोंदणी ठेवणारी संस्था 'महाराष्ट्र परिचर्या परिषद' या नावाने ओळखली जाते, तर पदविकास्तरावरील परीक्षा घेणारी संस्था 'महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ' या नावाने. दोन नावे, दोन शब्द आणि दोन वेगळी कामे. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

पदनामांकडेही लक्ष द्या. उपकेंद्रात काम करते ती 'आरोग्य सेविका'. तिच्या कामावर देखरेख ठेवते ती 'आरोग्य सहायिका'. शासकीय रुग्णालयातील स्टाफ नर्स म्हणजे 'अधिपरिचारिका', कक्षाची प्रमुख म्हणजे 'परिसेविका' आणि मेट्रन म्हणजे 'अधिसेविका'. परिचर्या शिकविणारी ती 'पाठ्यनिर्देशिका'. ही सर्व नामे स्त्रीलिंगी आहेत, कारण ती घडली त्या काळी हा व्यवसाय स्त्रियांचाच समजला जाई. आता पुरुषही या व्यवसायात येतात आणि त्यांच्यासाठी 'परिचारक', 'अधिपरिचारक' अशी रूपे वापरली जातात. लोकव्यवहारात मात्र 'सिस्टर' आणि 'नर्सबाई' हेच शब्द रुळले आहेत. 'सहायिका', 'सेविका' व 'परिचारिका' हे शब्द बोलताना आपण समानार्थी म्हणून वापरतो. भरतीच्या जाहिरातीत ते समानार्थी नसतात. प्रत्येकामागे वेगळी शैक्षणिक पात्रता असते.

५.३ कौशल्य आणि नोंदणी

परिचर्या-शिक्षणाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की काम येत असले म्हणजे पुरे. कौशल्य आणि नोंदणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. गडचिरोलीचेच उदाहरण पाहू.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच, थोडे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे व ठरवून दिलेले औषधोपचार करणे ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला, त्यामागे या कामाचा मोठा आधार होता.

या उदाहरणाचा अर्थ दोन बाजूंनी लावावा लागतो. शाळा अर्ध्यावर सुटलेली स्त्रीही नेमक्या प्रशिक्षणाने जीव वाचवू शकते, ही पहिली बाजू. कोणीही आपल्या पूर्वशिक्षणाविषयी न्यूनगंड बाळगू नये. दुसरी बाजू अशी की, इतके कौशल्य असूनही आरोग्यदूत किंवा आशा कार्यकर्ती कायद्याच्या दृष्टीने परिचारिका ठरत नाही. अधिपरिचारिकेच्या पदासाठी ती अर्ज करू शकत नाही. कारण परिचारिका ही संज्ञा कामावरून नव्हे, तर नोंदणीवरून ठरते, आणि नोंदणी परिषदेने मान्य केलेल्या शिक्षणावरून मिळते.

'सामुदायिक महाविद्यालय' या संज्ञेबाबतही हीच सावधगिरी हवी. अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालयांतून परिचर्येची सुमारे २ वर्षांची सहयोगी पदवी देण्याची पद्धत १९५२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या प्रायोगिक प्रकल्पातून सुरू झाली. ती पदवी घेतलेल्या व्यक्तीला परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका होता येते आणि नोकरी करीत पुढे पूर्ण पदवी घेता येते. भारतात सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरीत मूर्त झाली. तिचा भर मात्र अल्पमुदतीच्या कौशल्यशिक्षणावर राहिला. रुग्णसहायक, घरगुती रुग्णसेवा, जनरल ड्युटी असिस्टंट असे प्रमाणपत्र अभ्यासक्रम येथे मिळतात. ते उपयुक्त आहेत. त्यांतून काम मिळते आणि हे क्षेत्र आपल्याला मानवते की नाही हेही कळते. परंतु त्यांतून परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नाव एक असले तरी वस्तू वेगळी आहे. परदेशातील नातेवाईकाने सांगितलेली वाट येथे तशीच लागू पडत नाही, ती याच कारणाने.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ व त्याचा अर्थविस्तार सांगा.
२. आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांतील भेद नोंदणीच्या आधारे स्पष्ट करा.

५.४ शिक्षणाच्या पायऱ्या

भारतातील परिचर्या-शिक्षणाचे किमान निकष १९४७ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने ठरविले आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला असून परिषदेची जागा या आयोगाने घ्यावी अशी त्यात योजना आहे. त्यामुळे प्रवेश घेण्याच्या वर्षीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावेत. सर्वसाधारण रचना पुढीलप्रमाणे आहे.

(अ) एएनएम – सहायक परिचारिका प्रसविका. कालावधी २ वर्षे, त्यात शेवटचे ६ महिने प्रत्यक्ष कामाचा सराव. पात्रता बारावी उत्तीर्ण. कला शाखेचे विद्यार्थीही पात्र ठरतात; मात्र इंग्रजी हा विषय असावा लागतो आणि कोणते विषय ग्राह्य आहेत याची यादी नियमांत दिलेली असते. वय १७ ते ३५ वर्षे. पूर्वी या अभ्यासक्रमास दहावीनंतर प्रवेश मिळत असे. जुन्या पिढीतील आरोग्य सेविका 'मी दहावीवर नर्स झाले' असे सांगतात ते खरे असते, पण तो नियम आता राहिलेला नाही.

(आ) जीएनएम – सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका. कालावधी ३ वर्षे. पात्रता कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के गुण. विज्ञान शाखेस पसंती. वय १७ ते ३५ वर्षे; नोंदणीकृत एएनएमला मात्र कमाल वयाची अट नाही.

(इ) बी.एस्सी. नर्सिंग – पदवी. कालावधी ४ वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण आवश्यक. राज्यात या अभ्यासक्रमासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. पदवी १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

(ई) पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग – जीएनएम होऊन नोंदणी झालेल्यांसाठी २ वर्षांची पदवी.

(उ) एम.एस्सी. नर्सिंग – वरीलपैकी कोणत्याही पदवीनंतर, ५५ टक्के गुण व एक वर्षाचा अनुभव असल्यास २ वर्षे. येथून अध्यापन व संशोधनाच्या वाटा खुल्या होतात.

या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष असा, की बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला बी.एस्सी. नर्सिंगचे थेट दार बंद असले तरी पदवीचे दार बंद नाही. जीएनएमची ३ वर्षे व पोस्ट बेसिकची २ वर्षे मिळून ५ वर्षांत तो परिचर्येचा पदवीधर होऊ शकतो. थेट पदवीपेक्षा वर्ष एकच अधिक लागते आणि ३ वर्षांनंतर नोकरी करण्याची पात्रता हाती असते.

दुसरा निष्कर्ष असा, की एएनएम ही जीएनएमची सक्तीची पहिली पायरी नाही. एएनएम, मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक अशी वाट धरल्यास २ + ३ + २ म्हणजे ७ वर्षे लागतात. एएनएमची २ वर्षे जीएनएममधून वजा होत नाहीत. तेव्हा जी व्यक्ती जीएनएमला पात्र आहे आणि जिला ३ वर्षे पूर्णवेळ शिकणे शक्य आहे, तिने 'आधी लहान कोर्स, मग मोठा' या विचाराने २ वर्षे खर्च करणे हिताचे नाही. उलट, जिला लवकर मिळकत हवी आहे, गावाजवळ उपकेंद्रात काम करायचे आहे, किंवा वयाची मर्यादा जवळ आली आहे, तिच्यासाठी एएनएम हीच योग्य वाट ठरते. कारण नोंदणी झाल्यावर जीएनएमसाठी वयाचे बंधन उरत नाही.

कामाची ठिकाणेही ठरलेली असतात. सर्वसाधारण भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्रांवर नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी बी.एस्सी. नर्सिंग ही एक मान्य पात्रता आहे. म्हणजे पदवी घेऊनही आपल्याच परिसरात राहून काम करता येते.

५.५ माहितीपत्रकातील चार शब्द

आता भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. संस्थेच्या पत्रकावर पुढील चार शब्द शोधावेत आणि प्रत्येकापुढे 'कोणाची?' हा प्रश्न लिहावा.

परवानगी – संस्था सुरू करण्यास शासनाने दिलेली संमती.

मान्यता – त्या संस्थेतील तो विशिष्ट अभ्यासक्रम, तितक्या जागांसह, परिचर्या परिषदेने स्वीकारला असणे. एखाद्या संस्थेला एएनएमची मान्यता आहे म्हणून तिच्या जीएनएमलाही ती आहे असे होत नाही.

संलग्नता – परीक्षा घेऊन पदविका वा पदवी देणाऱ्या मंडळाशी अथवा विद्यापीठाशी असलेले नाते. एएनएम व जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, पदवीसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

नोंदणी – उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्याचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत दाखल होणे. व्यवसाय करण्याचा अधिकार यातून मिळतो आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते.

फसव्या पत्रकाचे लक्षण असे, की त्यात हे शब्द असतात, पण त्यांचा कर्ता नसतो किंवा भलताच असतो. 'शासनमान्य नर्सिंग कोर्स' हा शब्दप्रयोग पाहा. कोणत्या शासनाच्या कोणत्या विभागाने काय मान्य केले, हे वाक्य सांगत नाही. 'नोंदणीकृत संस्था' याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की ती संस्था न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली आहे. अशी नोंदणी एखाद्या क्रीडामंडळाचीही असते. तिच्यावरून विद्यार्थिनीची परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. 'शंभर टक्के नोकरीची हमी' या वाक्यात नोकरी कोणत्या पदाची हे लिहिलेले नसते. '६ महिन्यांत नर्स', 'घरबसल्या नर्सिंग डिप्लोमा' अशा ओळी दिसल्या तर पुढे वाचण्याचीही गरज नाही. पहिली नोंदणी मिळवून देणारे परिचर्या-शिक्षण पूर्णवेळ, उपस्थितीसह व रुग्णालयातील प्रत्यक्ष कामासह होते. ते दूरशिक्षणाने होत नाही.

आपण कर्मणि प्रयोग शिकलो आहोत. 'मान्यता देण्यात आली आहे' या वाक्यात देणारा अध्याहृत असतो. व्याकरणात त्याला दोष मानीत नाहीत. प्रवेश घेताना मात्र तो अध्याहृत कर्ता शोधून काढणे हे वाचकाचे काम आहे. परिषदेच्या व मंडळाच्या मान्य संस्थांच्या यादीत संस्थेचे नाव, गाव, अभ्यासक्रम व शैक्षणिक वर्ष या चारही गोष्टी जुळल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला कोणाच्याही हाती 'जमा' करण्यापूर्वी त्याची पोच लेखी घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. 'मान्यता' व 'संलग्नता' यांतील भेद उदाहरणासह सांगा.
२. 'शासनमान्य नर्सिंग कोर्स' या शब्दप्रयोगातील संदिग्धता स्पष्ट करा.

५.६ नियोजन : शेवटाकडून सुरुवातीकडे

नियोजन आजपासून पुढे न करता इच्छित पदापासून मागे करावे. कोणते काम करायचे आहे? त्याला कोणती नोंदणी लागते? ती कोणत्या अभ्यासक्रमाने मिळते? त्याला कोणती पात्रता लागते? आज माझ्याजवळ काय आहे? या क्रमाने उत्तरे लिहिली की वाटेतील तुटलेला दुवा दिसतो. तीन स्थिती पाहू.

पहिली स्थिती – वय १९, बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह. या विद्यार्थिनीने प्रवेश परीक्षा देऊन बी.एस्सी. नर्सिंगचा प्रयत्न करावा. २३ व्या वर्षी ती पदवीधर होईल. जागा न मिळाल्यास जीएनएम हा पर्याय त्याच वर्षी खुला ठेवावा.

दुसरी स्थिती – वय २६, बारावी कला, इंग्रजीसह ५० टक्के, विवाहित. थेट जीएनएम केल्यास २९ व्या वर्षी नोंदणी आणि पोस्ट बेसिकनंतर ३१ व्या वर्षी पदवी. एएनएमपासून सुरुवात केल्यास २८ व्या वर्षी मिळकत सुरू होऊ शकते, पण तीच पदवी मिळायला किमान ३३ वे वर्ष उजाडते. यांतील योग्य काय हे कुटुंबाच्या गरजेवर ठरेल. मात्र निर्णयापूर्वी दोन्ही हिशेब कागदावर मांडलेले असावेत.

तिसरी स्थिती – वय ३२, दहावी उत्तीर्ण, आशा कार्यकर्ती, पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे काही वर्षांपूर्वी मुक्त विद्यापीठात बी. ए. ला प्रवेश घेतलेली. ही स्थिती सर्वांत नाजूक आहे. परिचर्येच्या प्रवेशासाठी बारावीची परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. पूर्वतयारी परीक्षा किंवा बी. ए. ची पदवी तिची जागा घेत नाही. तेव्हा या विद्यार्थिनीने आधी बारावी पूर्ण करावी. त्यासाठी राज्य मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते, अथवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेमार्फत बारावी करता येते. मुक्त विद्यालयीन संस्थेची बारावी परिचर्येच्या नियमांत ग्राह्य आहे. विषय निवडताना इंग्रजी घ्यावेच आणि इतर विषय एएनएमच्या यादीत आहेत ना, हे आधी पाहावे. बारावीला १-२ वर्षे लागली तर ती ३३-३४ व्या वर्षी एएनएमच्या दारात पोहोचेल. एखादे वर्ष वाया गेले तर दार बंद होण्याचा संभव आहे. वय कोणत्या तारखेस मोजले जाते हेही माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे.

मराठीच्या पाठ्यपुस्तिकेत हे लिहिताना संकोच वाटावा, पण लिहिले पाहिजे. अशा विद्यार्थिनीने यंदा बी. ए. आणि बारावी यांतील एकच निवडायचे झाले, तर बारावी निवडावी. पदवी थांबू शकते, वय थांबत नाही. मराठीची पदवी नंतर, परिचारिका झाल्यावरही पूर्ण करता येईल.

पैशांचा विचार करताना शिक्षणशुल्काबरोबर वसतिगृह, गणवेश, पुस्तके, रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च आणि शिकताना बुडणारी मिळकत हेही मोजावे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कात सवलत दिली आहे. निवडलेला अभ्यासक्रम व संस्था तीत बसते का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. जात प्रमाणपत्र, जातवैधता, अधिवास व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकाल लागण्याच्या आधीच तयार ठेवावीत. त्यांना लागणारा वेळ प्रवेशफेऱ्यांसाठी थांबत नाही.

५.७ रुग्णाची भाषा

मराठीचा विद्यार्थी परिचर्येकडे वळला तर त्याचे भाषाशिक्षण वाया जाते का? तसे नाही. परिचर्येची पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात, पण रुग्ण आपले दुखणे इंग्रजीत सांगत नाही. सावली परिसरात झाडीबोली बोलली जाते. या बोलीत 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'र' होतो. पाणी म्हणजे 'पानी', डोळा म्हणजे 'डोरा', गळा म्हणजे 'गरा'. 'गरा दुखते' म्हणणाऱ्या आजीला 'काय दुखते?' असे तीनदा विचारणारी परिचारिका तिचा विश्वास गमावते. जीव घाबरणे, घेरी येणे, अंगात कणकण असणे, हातापायांना मुंग्या येणे, अंगावरून जाणे या शब्दप्रयोगांना पाठ्यपुस्तकात एकेक नेमके नाव नसते. रुग्णाला आणखी दोन प्रश्न विचारून त्यांचा अर्थ निश्चित करावा लागतो. स्त्रिया आपल्या आजारांविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, कोठे गप्प राहतात, याचे दर्शन डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकात घडते.

वैनगंगेपलीकडे भाषांचे चित्र अधिक विविध आहे. भामरागडकडे माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी. माडिया व गोंडी या द्राविड कुळातील भाषा असल्याने केवळ मराठीच्या अंदाजाने त्या कळत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी गरोदर स्त्रीने आधीच आरोग्यकेंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहावे, हे तिला तिच्या भाषेत पटवून देणारी परिचारिका असणे, हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. त्या परिसरातील मुलीला येणारी माडिया ही तिची उणीव नव्हे, व्यावसायिक पात्रता आहे.

सूचना देण्याची भाषाही अभ्यासाची आहे. 'गोळी दिवसातून तीनदा घ्या' या वाक्यात वेळ नाही. 'सकाळी जेवल्यावर एक, दुपारी एक, रात्री झोपण्याआधी एक' या वाक्यात ती आहे. 'कळले ना?' असे विचारले तर उत्तर नेहमीच 'हो' येते. 'आता ही गोळी कशी घ्याल ते मला सांगा' असे म्हटले, तरच खरे काय कळले ते समजते. आणि ते समजण्यासाठी उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे लागते. शुश्रूषेचा मूळ अर्थ तोच आहे.

५.८ सारांश

परिचारिका ही संज्ञा कौशल्यावरून नव्हे, तर परिषदेच्या नोंदणीवरून ठरते. अल्पमुदतीचे रुग्णसहायकाचे प्रमाणपत्र उपयोगी असले तरी त्यातून नोंदणी होत नाही. एएनएम २ वर्षे, जीएनएम ३ वर्षे, बी.एस्सी. ४ वर्षे, पोस्ट बेसिक २ वर्षे व एम.एस्सी. २ वर्षे अशी रचना आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला जीएनएम व पोस्ट बेसिक या वाटेने पदवी मिळविता येते. बारावी ही सर्व वाटांची किमान अट असून एएनएम व जीएनएमसाठी ३५ वर्षांची वयोमर्यादा ध्यानात ठेवावी. माहितीपत्रक वाचताना परवानगी, मान्यता, संलग्नता व नोंदणी या प्रत्येक शब्दाचा कर्ता शोधावा. बोलीचे ज्ञान हे परिचर्येतील मोलाचे साधन आहे.

५.९ स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एका परिचर्या संस्थेचे माहितीपत्रक मिळवा. त्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करून प्रत्येकापुढे आपला प्रश्न लिहा.
२. आपल्या बोलीतील आजारविषयक २० शब्द वा शब्दप्रयोग गोळा करा आणि प्रत्येकाचा अर्थ निश्चित करण्यासाठी रुग्णाला विचारावयाचा एकेक प्रश्न लिहा.
३. स्वतःसाठी किंवा कुटुंबातील एका व्यक्तीसाठी इच्छित पदापासून आजपर्यंत, असा उलट्या क्रमाने शिक्षणाचा आराखडा ३०० शब्दांत तयार करा. प्रत्येक टप्प्यावरील वय, खर्च व लागणारी कागदपत्रे नमूद करा.